पहिला लोटा मिस्त्रीणीचा

कमलामावशी काल गेली. तिनं दुरुस्त केलेल्या हापश्या मात्र चालू आहेत.

मावशीच्या संस्थेत बाया हापश्या दुरुस्त करतात. पाना, साखळी, वॉशर, सगळं बायांच्या हातात. काम सरकारकडून मिळायचं.

माझं आदिलाबादला डीटीपीचं दुकान. संस्थेची पत्रकं, फाइली आणि साहेबांपुढचं बोलणं माझ्याकडे.

मग तेलंगणात आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जुनी मंजुरी संपली, नवे साहेब आम्हाला ओळखेनात. काम गेलं असतं तर बारा बाया पाना ठेवून परत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेल्या असत्या.

मी जिद्दीला पेटले. तेलुगूत रंगीत ब्रोशर केलं, स्लाइड्स केल्या आणि मावशीला घेऊन थेट आदिलाबादचं कलेक्टर ऑफिस गाठलं.

ओळखीच्या शिपायानं चहा पाजला. मी पाऊण तास बोलले.

शेवटी साहेबांनी गावांची यादी पाहिली. "मॅडम, ही बासरकडची गावं. ही आता निर्मल जिल्ह्यात."

माझं तोंड एवढंसं झालं. जन्मभर जिल्हा म्हटलं की पाय इकडेच वळलेले.

मावशी हसत सुटली. "काऊन तोंड पाडून राह्यली वं? निर्मल काय लंकेत हाय? चाल, बस पकडू."

निर्मलचं ऑफिस नवं. खोके अजून फोडायचे होते. तिसऱ्या स्लाइडलाच तिथल्या इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "काम की गॅरंटी क्या है?"

मी स्लाइड शोधत होते. मावशीनं लॅपटॉप मिटला. माझा!

"साब, गढूळ पानी निकाल देते. साफ आया तो पहला लोटा हमारी मिस्त्रीन पीती. पूरे गाँव के सामने. बाद में गाँव."

साहेब म्हणाले, "एक गाँव दिखाओ."

आठवड्यानं ते आले. हापशीतून स्वच्छ पाणी आलं तसा त्यांनीच लोट्याला हात घातला. मावशीनं लोटा मागे ओढला. "तुमी मागून, साहेब."

ते थांबले. खरंच थांबले. काम आम्हाला मिळालं.

घरी येऊन मी ब्रोशरमधली सगळी फुलं-वेली पुसली. एकच फोटो ठेवला, लोटा तोंडाला लावलेली मावशी. त्याच ब्रोशरवर आदिलाबादनंही त्यांच्या जिल्ह्यातली बाजारहत्नूरकडची गावं दिली.

दोन जिल्हे. एक न शिकलेली बाई. मला तिचा केवढा अभिमान आहे!

आज सकाळी बासरजवळून लक्ष्मीचा फोन आला. मावशीच्याच हाताखाली तयार झालेली मिस्त्रीण.

"काम थांबवू का ताई?"

"थांबवलंस तर मावशी तिकडून शिव्या देईल."

दुपारी पाणी आलं. गाव म्हणालं, आजचा पहिला लोटा मावशीच्या नावानं ओता.

लक्ष्मी म्हणाली, "नाई. मावशीनं शिकवलं तसंच होईन."

सगळ्या गावासमोर, रडत रडत, तिनं लोटा पिऊन संपवला.

मावशी, तुझी गॅरंटी चालू आहे. निवांत जा.