पन्नासाच्या हट्टापायी

चौतीस वर्षं एल्वुड क्रायडरनं आमच्या गल्लीत घरोघरी टपाल टाकलं, पण त्याची ख्याती वेगळीच. दारातून कुणी नुसतं "बरंय ना?" विचारलं, की हा त्याला कोपराला धरून आत न्यायचा आणि तांब्याचा एखादा जुना सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाचं अमेरिकन नाणं, भिंगाखाली धरायचा. अर्ध्या तासात सुटका झाली, तर पाहुण्यानं देवाचे आभार मानावेत.

त्याचा जीव होता सतराशे चौऱ्याण्णव सालच्या सेंटवर. नाणं तपासणाऱ्या कंपनीनं तो प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून वर दर्जा छापला होता: सत्तरपैकी पंचेचाळीस. एल्वुडच्या मते तो पन्नासाचा होता. पोटच्या पोराला नापास केल्यासारखं ते त्याला लागलेलं.

"बघ, नाण्यावरच्या बाईचे कानावरचे केस कसे वेगवेगळे दिसतायत!" तो बायकोला म्हणे.

"तिचे केस बरे दिसतात तुला," अर्लीन म्हणे. "माझे कधी पांढरे झाले ते सांग बघू."

त्या मार्चमध्ये ओरेगनहून अर्लीनच्या भाचीचा, ग्लेंडाचा फोन आला. तिची आई, म्हणजे अर्लीनची थोरली बहीण व्हर्ना, फार विसरायला लागली होती. "मावशी, लवकर ये. अजून ती तुला ओळखेल."

अर्लीननं ठरवलं, तिथेच खोली घेऊन अख्खा उन्हाळा बहिणीजवळ राहायचं. साठवलेला पैसा घराच्या छपराच्या दुरुस्तीत गेला होता. एल्वुड आपणहून म्हणाला, "सेंट विकू." ते ऐकून अर्लीननं त्याच्या ताटात गोड ॲपल-पायचा दुसरा तुकडा वाढला. एरवी त्याच्या साखरेवर तिची करडी नजर असे.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला. लेस्टर हॉस्टेटर या जुन्या व्यापाऱ्यानं डबी उजेडात फिरवली. "सहा हजार डॉलर. आत्ता, रोख."

"हा पन्नासाचा आहे, लेस्टर. नऊ हजारांच्या खाली बोलू नकोस."

"डबीवर पंचेचाळीस आहे."

"डबीला डोळे नाहीत!"

"मग फोड डबी आणि पाठव पुन्हा. नवा तपासणारा, नवा आकडा. पण बाबा रे, तीन-चार महिने जातील. अर्लीनला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. एल्वुडनं गॅरेजमध्ये डबी टॉवेलात गुंडाळून पकडीनं कडा कडाकडा मोडल्या, सेंटवरून मऊ ब्रश फिरवला आणि तो रजिस्टर टपालानं रवाना केला. मग घरात येऊन सांगितलं.

अर्लीन बटाटे सोलत होती. "पन्नास आला तर व्हर्नाला काय फरक पडणार आहे?"

"तीन हजार जास्त येतील. दोन महिने जास्त राहशील."

त्यावर ती काही बोलली नाही. एल्वुडला वाटलं, पटलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोच्या गप्प बसण्याचा दर्जा एकदाही बरोबर लावू शकला नव्हता.

दर रविवारी फोन होई. मे महिन्यात व्हर्नानं "कोण बोलतंय?" विचारलं आणि मग स्वतःच हसली. जूनमध्ये विचारलं, पण हसली नाही. जुलैत ग्लेंडानं फोन आईकडे दिलाच नाही. एल्वुड रोज टपालपेटीपाशी उभा राही. नवा पोस्टमन गमतीनं म्हणाला, "काका, पुन्हा नोकरी धरा की!" तेव्हा एल्वुडला हसू आलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी सेंट आला. नवी डबी, नवा कागद. आकडा पंचेचाळीस.

लेस्टरनं सहा हजारच दिले. मोजताना एरवी टोमणे मारणारा तो माणूस त्या दिवशी मान खाली घालून होता.

सप्टेंबरमध्ये दोघं ओरेगनला पोचली. दार व्हर्नानंच उघडलं. केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ निळा स्वेटर. अर्लीननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. व्हर्नानं ते घेऊ दिले, पाहुण्यांना देतात तसे.

"या, बसा," ती म्हणाली. "फक्त त्या मागच्या खोलीत जाऊ नका हं. माझी बहीण यायचीय. मार्चपासून तिच्यासाठी आवरून ठेवलीय."

ग्लेंडा तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

"नाही जात," अर्लीन म्हणाली. "मी इथेच बसते. चालेल ना?"

"चालेल की. ती येईपर्यंत बसा."

एल्वुड दारात दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभा होता. त्या कुठे ठेवायच्या, हे त्याला कुणी सांगेना, आणि विचारायची त्याची छाती होईना.