गोव्याच्या मॅचचे बंगडे

घाटकोपरच्या बाजारातल्या माझ्या नेहमीच्या मासेवालीने मला फसवलं. दाखवले ताजे बंगडे, कापून दिले शिळे.

मला सहसा कोणी फसवत नाही. दारोदार परकर विकत फिरले, त्यातून स्वतःचं दुकान उभं केलं. समोरचा भावात कुठे ढिला पडतो ते मला बरोबर कळतं.

घरात फुटबॉलचं वेड मुलीला. तिचा नियम असा की मुंबईची मॅच ज्यांच्याशी, त्यांचंच जेवण करायचं. बंगाल असला की मोहरी वाटून मासा, केरळ असला की आप्पम. "आधी ताटात खायचं, मग मैदानात," म्हणायची. त्या दिवशी गोवा होता, म्हणजे लाल मसाला भरलेले बंगडे.

दुपारी बाजारात गेले. कल्ले उघडून पाहिले, लालभडक होते, म्हणजे मासे ताजे. भाव पाडला, वर दोन बंगडे जास्तीचे मागितले.

"ताई, तुम्ही मला रस्त्यावर आणणार!"

"मावशी, रस्त्यावरच तर बसलीयस!"

आजूबाजूच्या हसल्या, तीही हसली. मग माझ्याकडे पाठ करून साफ करायला बसली. एरवी मी डोक्यासकट मासे घरी नेते, म्हणजे कल्ले पुन्हा बघता येतात. त्या दिवशी घाई होती. ती कापत होती तेवढ्यात मी शेजारच्या मासेवालीशी कोलंबीवरून हुज्जत घालत होते. पिशवीत आले ते बिनडोक्याचे बंगडे. मिरची आणि व्हिनेगरच्या मसाल्यात वासही कळला नाही.

संध्याकाळी मॅच सुरू झाली. मी तळत होते, मुलगी टीव्हीसमोर खात होती.

"आई, जीभ चरचरतेय गं."

"गोवा आहे तो, चरचरणारच. खा."

आपला गोल झाला. ती ओरडली आणि लालबुंद झाली.

"गोल आपल्या पोरांनी केला, तू कशाला टोमॅटो झालीस?"

ती हसली नाही. छातीवर हात ठेवून म्हणाली, "आई, धडधडतंय. श्वास घेता येत नाही." मानेवर गांधी उठल्या होत्या.

दवाखान्यात नेताना रिक्षा सिग्नलला अडकली. मी रिक्षावाल्यावर ओरडले, मग त्याच्यापुढे हात जोडले. मुलीचा हात भाजत होता. ती बोलत राहावी म्हणून विचारत सुटले, "गोल कोणी केला गं? सांग ना. कोणी केला?" मॅचमधला पोरगा न् पोरगा तिला पाठ. ती नुसता श्वास ओढत होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मासा बर्फाबाहेर पडून राहिला की त्यात विष तयार होतं आणि ते तळूनही जात नाही, असं म्हणाले. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. पहिला शब्द आला, "जिंकलो?" तेव्हा कुठे मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मासेवालीला गाठलं. "माझे मासे ताजेच असतात. तुमच्या मसाल्यात काय पडलं ते बघा," म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

अजूनही मुलगी जिना चढून लाल होऊन आली की आधी तिची मान बघते, मग दार लावते. पुढच्या मॅचला मी वरणभात लावला.

मावशी, तू दाखवलेले बंगडे कुठे गेले? तू पाठ करून कापलेस ते कुठून आले? माझ्या कानात नको सांगूस. गिऱ्हाइकांसमोर सांग, माझ्या मुलीकडे बघून सांग. तिला घेऊन येतेय.