पांढऱ्या मक्याचं वावर

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मक्याचं बियाणं स्वतः निवडायचे. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात मी लहान असताना सगळ्यांकडे मिसळ मका असायचा. एकाच कणसात पिवळे, पांढरे, तांबडे, मधूनच जांभळट दाणे. कुठलं झाड लवकर तुऱ्यावर यायचं, कुठलं पंधरवड्यानं मागून. अण्णांना ही मिसळ बघवायची नाही. त्यांना पांढरा, टपोरा, शेंड्यापर्यंत भरलेला मका हवा होता. काढणी झाली की अंगणात गोणपाट टाकून बसायचे आणि ढिगातून एका सुपात मावतील एवढीच कणसं वेगळी काढायचे. बाकीची दळायला, नाहीतर म्हशीला. पुढच्या साली पेरायचं ते त्या सुपातलंच. उभ्या पिकात एखादं झाड जरा निराळं दिसलं, की तुरा फुटायच्या आत उपटून बांधावर फेकायचे.

माय म्हणायची, "असू द्या की. त्या तांबड्याच्या लाह्या चांगल्या होतेत."

"भेसळ हाय ती," अण्णा म्हणायचे.

आणि वावर दिसायला लागलं देखणं. सगळी झाडं एका उंचीची, सगळ्यांचे तुरे एकाच आठवड्यात. येणारे-जाणारे थांबून बघायचे. अण्णा बियाणं कुणाला विकत नसत. मागेल त्याला पदर भरून देत. हळूहळू सगळ्या शिवारात आमचाच मका झाला. मुदखेडकडं दिलेली आत्याही माहेरी आली, की तेच बी घेऊन जायची. अण्णांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं सुख होतं, असं मला अजून वाटतं. शाळा त्यांना फारशी मिळाली नव्हती. पण गावात मक्याची गोष्ट निघाली, की लोक त्यांच्याकडं बघायचे.

मी लातूरला शेतकी शिकायला गेले. एका सुट्टीत घरी आले, तेव्हा मका नुकता उगवला होता. ओळीत हिरव्या रोपांमध्ये काही रोपं साफ पांढरी होती. दुधात बुडवून काढल्यासारखी. आठवडाभरात ती जागीच वाळून गेली.

"दोन-तीन वर्षं झाली, निघून राहिलीत अशी," अण्णा म्हणाले. "खताचा वांदा असंल."

खताचा नव्हता. नुकतंच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात. एका झाडाचे दुसऱ्यावर, ह्या वावराचे त्या वावरावर. त्या मिसळीवरच मका तगतो. मोजक्या कणसांतून पीक वाढवत नेलं, की सगळी झाडं एकमेकांची सख्खी भावंडं होतात, आणि आतले दडलेले दोष वर यायला लागतात. शेजारच्या वावरातून नवं रक्त यावं, तर तिथंही आमचंच बी.

मी सांगितलं. सोपं करून, जमेल तसं. "अण्णा, दुसरीकडचं बी मिसळा. भावाबहिणीत सोयरीक केल्यागत झालंय हे."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "मंजे मी इतकी वर्सं बियाणंच बिघडवलं म्हन की."

"तसं नाही म्हणत मी."

"हाव, तसंच म्हनून राहिलीस."

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतरच्या साली पावसानं ऐन तुऱ्यावर उघडीप दिली. आभाळ कोरडं, ऊन उन्हाळ्यासारखं. तुरे फुटले, पराग झडले, वाऱ्यानं गेले. पराग झेलणाऱ्या कणसांच्या मिशा मात्र तहानेनं आतच अडकल्या होत्या. त्या बाहेर आल्या, तेव्हा शिवारात पराग उरले नव्हते. मिसळ मका असता, तर मागून येणाऱ्या झाडांनी निदान थोडे तरी दाणे भरले असते. आमच्या शिवारात मागून येणारं झाडच नव्हतं. पुढं पाऊस आला, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

पोळ्याला मी घरी होते. अण्णांनी एक कणीस सोललं. आत नुसता पांढरा बुरकुंडा, त्यावर इकडं एक दाणा, तिकडं एक. दुसरं सोललं, तिसरं सोललं. मग सोलायचंच सोडून ते नुसती कणसं दाबून बघत ओळीनं चालत राहिले. शेजारच्या वावरात तेच. त्याच्या पलीकडंही तेच. कुणी भांडायला आलं नाही. शेजारची विधवा काकू, जिची जनावरं आणि जेवण दोन्ही त्या मक्यावर होतं, ती बांधावर उभी राहून एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातचं बी म्हनून डोळे झाकून पेरलं हो." अण्णा मान खाली घालून उभे होते.

दिवाळीनंतर ते स्वतःच म्हणाले, "चल, आत्याकडं जाऊ. तिच्याकडं जुनं बी असंल." आम्ही एसटीनं गेलो. लोह्याला उतरलो, दुसरी गाडी धरली.

आत्यानं चहा ठेवला. जुन्या बियाण्याचं विचारल्यावर तिचा हात थांबला.

"दादा, तूच म्हनलास नव्हं, भेसळ हाय, कोंबड्यास्नी घाल म्हनून? घातलं की."

"सगळं?"

"सगळं. तुझं चांगलं असताना ते ठिवून काय करू?"

तिच्या ओळखीच्या दोन-चार घरी विचारलं. कुणाकडं सोयाबीन, कुणाकडं हळद. एका म्हाताऱ्यानं तांबडा मका आठवतो म्हणून सांगितलं, त्याची चवही सांगितली. दाणा मात्र त्याच्याकडंही नव्हता.

पुढच्या साली अण्णांनी लोह्याच्या दुकानातून पाकिटातलं संकरित बियाणं आणलं. पीक उत्तम आलं. दुकानदारानं बजावलं होतं, की यातलं बी पुढं धरू नका. त्यांनी धरलं. उगवलं ते कमरेएवढं, डोक्याएवढं, गुडघ्याएवढं, कणसं जेमतेम. मला वाटलं ते चिडतील. चिडले नाहीत. सगळं हिरवंच कापून म्हशीपुढं टाकलं.

आता त्या वावरात सोयाबीन असतं. गेल्या खरिपात मी किनवटच्या डोंगराकडून पसाभर रंगीबेरंगी मका मिळवला आणि घरी नेला. अण्णांनी तो हातात घेतला, बोटांनी चाळवला. नजर अधू झाल्यानं उजेडाकडं धरून बघितला.

"पेरू या का अण्णा, विहिरीजवळ? थोडाच?"

"तू पेर," ते म्हणाले. "मला आता कोन्तं ठिवावं अन् कोन्तं टाकावं, समजत न्हाई."

दाणे माझ्या ओंजळीत परत ओतून ते आत जाऊन निजले. भर दुपार होती.