गाडी हलकी करणारा माणूस

“अजून काय काढता येईल?”

हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून माझा शेजारी गाडीभोवती फिरायचा आणि हेच विचारायचा. गाडी म्हणजे स्नोमोबील, बर्फावर पळणारी. पापाटोएटोत, आमच्या उपनगरात, बर्फ पडत नाही. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ ती त्याच्या गराजमध्ये उभी असे.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आठवडाभर पेनरोजच्या कारखान्यात शहाणा इंजिनिअर आणि शनिवार उजाडला की दुसराच कोणी. देशाच्या दक्षिण बेटावर, डोंगरात, एका मेंढीवाल्याच्या खासगी जमिनीत एक उभा चढ होता. दोन हिवाळे गाडी तिथे अर्ध्यावर गळपटली होती. तो माथा गाठायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

“वर हवा विरळ असते रे. इंजिनाचा दम कमी पडतो. मग क्लचमधली वजनं हलकी करायची, म्हणजे ते चढावर मरत नाही.”

मी मान डोलवायचो. माझं यंत्रज्ञान लॉनमोवरला लाथ घालण्यापर्यंतच. ती चिमुकली वजनं तो बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, किचनमधल्या काट्यावर मोजायचा. एकदा त्यातलं एक हरवलं, तेव्हा वहिनींनी मला वाढलेला उपमा परत घेऊन चमच्याने चाचपला होता.

आरसा गेला. सीटमधला अर्धा फोम गेला. मग त्याची नजर माझ्या पोटावर स्थिरावली.

“तू मागे बसणार नाहीयेस ना?”

खंडेनवमीला त्याने गाडीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं रीतसर. आरती संपते न संपते तोच हार काढून काट्यावर ठेवला.

“एवढं वजन कशाला वागवायचं?”

वहिनी प्रसाद वाटत होत्या. त्या हसल्या नाहीत. “तो हार तुमच्या फोटोला घालायची वेळ आणू नका म्हणजे झालं.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. मी मदतीला, म्हणजे थर्मास सांभाळायला. चढ समोर उभा होता. माथ्यावर बर्फाची कड पुढे झुकली होती, आणि कुठे पाखराचाही आवाज नव्हता.

मेंढीवाला म्हातारा बराच वेळ वर बघत राहिला. “रात्रभर वाऱ्याने तिथे बर्फ साठवलाय. आज राहू दे, दोस्ता.”

“आता ऊन वाढणार. आज नाही तर थेट पुढच्या वर्षी,” हा म्हणाला.

म्हातारा खांदे उडवून शेडमधून दोर आणायला गेला. तेवढ्यात याने पाठीवरची बॅग उतरवून माझ्या खांद्यावर अडकवली. तिच्यात फावडं होतं, आणि माणूस बर्फाखाली गेला तर तो कुठे आहे ते सांगणारा छोटा ट्रान्समीटर. तो खरं तर अंगावर बांधायचा असतो. पण छातीवर पट्टा रुततो म्हणून हा तो चालू करून बॅगेतच ठेवायचा.

“घाल ती,” मी म्हटलं.

“पाच मिनिटांचं काम रे. तू फोटो काढ, तुझ्या वहिनीला पाठवू.”

गाडी निघाली. दोन वर्षं जिथे दम सुटला होता ती जागा मागे पडली, तरी आवाज एकसारखा. मलासुद्धा कळलं, जमलंय. माथ्याखाली पोचल्यावर त्याने एक हात वर केला. मी फोटो काढला.

मग त्याच्या वर बर्फात एक रेघ उमटली, आडवी, लांब. अख्खा उतार सरकायला लागला. आवाज नंतर आला.

सगळं थांबलं तेव्हा समोर नुसते ढेकळांचे ढीग होते. म्हातारा धावत आला. स्वतःच्या छातीवरचं तसलंच यंत्र काढून त्याने सिग्नल शोधायला लावलं आणि वर धरलं.

“सिग्नल आहे. जोरात आहे. अगदी जवळ आहे तो.”

मी आनंदाने फावडं काढायला बॅगेत हात घातला. म्हातारा यंत्राच्या बाणाकडे बघत बर्फाकडे वळला, थांबला, आणि सावकाश माझ्याकडे वळला. त्याची नजर माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर होती.