शाळेच्या दुधाचा डबा

"अबे, तुहा कप तिकडं. खिडकीत."

हेडमास्तरांनी मान वर न करता सांगितलं. मास्तर म्हणून शाळेतला माझा पहिला दिवस. टेबलावरच्या कपाला लावलेला हात मी मागे घेतला. खिडकीत कान तुटलेला कप पालथा होता. चपराशानं त्यात वरून चहा ओतला. प्यायचा व्हरांड्यात. धुवायचा मीच. बाकीचे दोन मास्तर पेपर वाचत राहिले.

दिग्रसजवळचं गाव. कायद्यानं शिवाशिव कधीच गेली होती. माझा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. पोरगा मास्तर व्हावा म्हणून त्यानं जिनात कापसाच्या गाठी उचलल्या. पोरगा मास्तर झाला आणि व्हरांड्यात उकिडवा बसून चहा पिऊ लागला. बापाला मी हे सांगितलं नाही.

वर्षभर असंच. मग एक दिवस हेडमास्तर म्हणाले, "या गुरुजी. आत बसा."

गुरुजी. पहिल्यांदा. कप सगळ्यांसारखा. चहा घट्ट, दुधाळ. दोन मास्तरांपैकी वानखडे गुरुजींनी सरकून बाकावर जागा केली. माझी छाती फुगली. वाटलं, जिंकलो.

ते दूध कुठलं, हे चार दिवसांनी कळलं. सरकार पोरांसाठी दुधाची पावडर पाठवायचं. दुपारी ती गंजात, मोठ्या पातेल्यात, कालवून वाटायची. आमचा चहा तिचाच. आणि भरलेले डबे बाजारातल्या हाटेलात जायचे. पोरांच्या गंजात नुसतं निळसर पाणी.

तांड्यावरून सोमली नावाची पोरगी यायची, उपाशीपोटी. तिची आई एकदा फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरगी म्हनते, दूध पान्यावानी लागते. दुधासाठीच धाडतो आमी तिले."

"पाहतो बाई," मी म्हणालो. आणि आत गेलो. आत कप भरून ठेवला होता.

वानखडे गुरुजींना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. पोरांना जीव लावून शिकवायचा.

"मले बी पयले कसंतरी वाटे," ते म्हणाले. "मंग सवय होते. सगळेच घेऊन राह्यले. तुमी एकटे कायले वेगळे पडता? आत्ताच तं आत आले."

तेच तर. बाहेर पडावं तर पुन्हा व्हरांडा. आत राहावं तर चोर. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. पोरांकडे पाहवत नव्हतं.

सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. शनिवारी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी एक डबा स्वतःच्या हातानं माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधला.

"हाटेल तुमच्या रस्त्यावरच हाय, गुरुजी."

"कोनी पकडलं तं?"

ते हसले. "पकडलं तं पकडलं. तुमच्या लोकाईनं चोरलं म्हटलं तं कोनाले नवल वाटते?"

वानखडे गुरुजीही हसले. हळू. पण हसले.

मला आत कशाला घेतलं, ते कळलं. आत घेतलंच नव्हतं. माझी पाठ हवी होती, डबा ठेवायला.

हाटेलावरून गेलो, थांबलो नाही. डबा घरी नेला. बापानं पाहिला. मी सगळं सांगितलं, वर्षभराच्या व्हरांड्यासकट.

"जागेवर नेऊन ठेव," तो म्हणाला. "अन् चूप राह्य. नोकरी जाईन बाबू."

बापही तिकडेच. रविवारभर डबा घरात आणि आम्ही दोघं त्याच्याकडे न पाहता बसलेलो. कोणी झडती घेतली असती तर चोर घरातच होता.

सोमवारी साहेब आले. सरपंच, गावचे चार लोक खुर्च्यांवर. मी डबा आणला आणि टेबलावर ठेवला.

"हा डबा शाळेचा हाय. मले हाटेलात पोचवाले देल्ला. याच्या आंधी बी गेले. त्याच दुधाचा चहा आमी पेतो. म्या बी पेलो."

हेडमास्तरांना घाम नाही फुटला. "साहेब, आमाले यायच्यावर संशय होताच."

साहेबांनी वानखडे गुरुजींना विचारलं. ते जमिनीकडे पाहत राहिले. "मले काई मालूम नाही."

साहेबांनी मला बाजूला नेलं. आवाज मायेचा. "मास्तर, तुम्ही नवीन आहात. डबा चुकून नेला, परत आणला, एवढंच म्हणा. प्रकरण इथंच मिटेल. तुमच्या बाजूनं बोलणारा एक माणूस नाही."

खरं होतं. एकही नव्हता.

"लिहून घ्या साहेब," मी म्हणालो. "चहा पेनाऱ्यात पयलं नाव माहं. मंग बाकीच्याईचं."

साहेबांनी पेन उघडलं नाही.

महिन्याच्या आत माझी बदली झाली, पार मारेगावकडे. हेडमास्तर जागेवरच राहिले. बाप म्हणाला, "निदान नोकरी तं वाचली. आता जा गुपचूप."

मी बदलीचा हुकूम खिशात घातला आणि मारेगावच्या नव्हे, यवतमाळच्या एसटीत बसलो. माझा जबाब अजून कोणी लिहून घेतला नव्हता. तो लिहून घेतल्याशिवाय मी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या दारातून उठणार नव्हतो.