कमानीखालून जाताना

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहणारे गृहस्थ सहा फूट चार इंच उंच आहेत. चौकटींवर कपाळ आपटून आपटून त्यांना दार दिसलं की वाकायची सवय झाली आहे. ते बोलतानाही वाकतात, त्यामुळे "काय, चहा झाला?" हा साधा प्रश्नसुद्धा गुपित सांगितल्यासारखा वाटतो.

जुन्या मोटारसायकलवर त्यांचे गुडघे हँडलला लागायचे. वळायचं असलं की आधी गुडघा बाहेर काढायचा, मग गाडी वळवायची. शेवटी पाठ धरली, तेव्हा नवी गाडी बघायला ते मला शोरूममध्ये घेऊन गेले. सेल्समन मायलेज सांगत राहिला. हे एकेका गाडीवर बसून मला विचारत, "खरं सांगा हं, टोळासारखा दिसतोय का?" मी दर वेळी हो म्हणालो.

मग एका उंच गाडीवर ते बसले आणि त्यांची पाठ सरळ झाली. त्यांना पूर्ण उंचीत मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही बसलेले असताना.

"अच्छा, असं असतं होय," ते म्हणाले आणि तीच गाडी घेतली.

आता रोज संध्याकाळी ते ताठ बसून ऑफिसातून येतात. कॉलनीच्या कमानीखालून ट्रक सहज जातो, पण कमान आली की हे मान झुकवतात. चौकीदार उठून हात जोडतो.

"गाडी नई आई, पर साहब में घमंड नहीं आया," तो परवा मला म्हणाला.

"बिल्कुल नहीं," मी म्हणालो.