खडीवरचं लाल निशाण

माझी आत्या बंदरात क्रेन चालवते. दिवसभर वर केबिनमध्ये असते, म्हणून सगळे तिला 'वरच्या बाई' म्हणतात. खालच्या माणसांवर तिचा फारसा जीव नाही. ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या, लांब गुलाबी पायांच्या शेकाट्या पक्ष्यांवर मात्र आहे. जेवताना दुर्बीण डोळ्यांना आणि घास भलतीकडे. मी तिथेच वजनकाट्यावर कामाला, त्यामुळे तिच्या पाखरांचं पुराण ऐकण्यावाचून सुटका नाही.

यंदा एका जोडीने थेट खडीच्या ढिगाशेजारी अंडी घातली. आत्याने मुकादमाच्या मागे लागून तेवढा कोपरा सोडायला लावला. मुकादम तोंडाचा फटकळ, पण मनाचा बरा. त्याने आपणहून अंड्यांभोवती खांब रोवले, दोरी बांधली आणि वर लाल निशाण लावलं. आमच्याकडे लाल निशाण म्हणजे त्या मालाला हात लावायचा नाही. शिवाय ट्रक थांबवले. सगळे कौतुकाने बघत उभे राहिले.

पक्ष्याला कुठला आलाय बंदराचा नियम? निशाण फडफडलं तशी मादी उडाली. घिरट्या घालत ओरडत राहिली, पण खाली बसेना. ऊन डोक्यावर आलेलं. उघडी अंडी त्या तापल्या खडीवर उकडून निघाली असती.

आत्या वायरलेसवर कडाडली, "ते निशाण काढा आधी."

"अहो वरच्या बाई, तुमच्याच पाखरांसाठी लावलंय."

"त्यालाच घाबरतेय ती. काढा, आणि ट्रक सुरू करा. आपल्या खडखडाटाची तिला सवय आहे. तुम्ही असे टक लावून बसलात तर कशी येईल ती?"

मुकादम पुटपुटत गेला, पण गेला. खांब निघाले, ट्रक हलले, आत्याने क्रेन फिरवली. माझा जीव टांगणीला लागलेला. कुठल्या गाडीचं वजन कुठे लिहिलं, देव जाणे.

 शेवटी वायरलेसवर आत्याचा आवाज आला, कधी नव्हे तो हळू.

"बसली."

मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत अंगच टाकलं. मुकादमाने घाम पुसला, निशाण गुंडाळून काखोटीला मारलं आणि आमच्यावर खेकसला, "बघताय काय? कामं नाहीत का?"

आणि स्वतः ढिगाकडे पाठ करून उभा राहिला, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.